शर्यतीनंतरच्या संध्याकाळी

तारापूरच्या मच्छीमार आळीत आमचं घर होतं आणि त्या आळीत माझ्याइतक्या वेगानं पोहणारं दुसरं कुणी नव्हतं. ही बढाई नाही. आता पाण्यात उतरलो तर गुडघे धरतात, तेव्हा बढाई मारून मिळवण्यासारखं काही उरलेलं नाही. पण साठ साल उलटल्यानंतरच्या त्या दोन-चार वर्षांत, मी चिंचणीच्या हायस्कुलात अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला होतो तेव्हा, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. होडीवरून कुणाची बादली पडली, कुणाचा दोर सुटला, की हाक मला यायची.

शाळा खाडीच्या एका बाजूला आणि घर दुसऱ्या. संध्याकाळी खाडी ओलांडायच्या तरीवर होडी नसली की मी सदरा-चड्डी आणि दप्तर डोक्यावर बांधायचो आणि पोहत घरी जायचो. त्यात विशेष आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. विशेष वाटलं ते कवायतीच्या सरांना. ते घाटावरचे होते, नवीनच बदलून आले होते, आणि त्यांना स्वतःला पोहता येत नव्हतं. एकदा ते खाडीकाठी फिरायला आले असताना त्यांनी मला पाण्यात उतरताना पाहिलं आणि ओरडून थांबवलं. त्यांना वाटलं, मी बुडणार.

"रोज असा जातोस?" त्यांनी विचारलं.

"होडी नसली म्हंजे जातो, सर."

"किती वेळ लागतो?"

"कधी बघितला नाय."

दुसऱ्या दिवशी ते मनगटावरचं घड्याळ बघत काठावर उभे राहिले, आणि तिथून पुढे जवळजवळ वर्षभर माझ्या सगळ्या संध्याकाळी त्यांच्या झाल्या. शाळा सुटली की खाडी. भरती असो, ओहोटी असो. ते चिखलातून माझ्या बरोबरीनं काठाकाठानं चालत राहायचे, धोतराचा सोगा हातात धरून, आणि मला ओरडून सांगायचे की हात लांब टाक, मान उचलू नको. हे त्यांनी कुठल्याशा पुस्तकातून वाचलेलं असायचं. मुंबईत शाळकरी मुलांच्या पोहण्याच्या स्पर्धा होणार होत्या आणि त्यात मला उतरवायचं त्यांनी ठरवलं होतं. वडिलांची परवानगी काढायला ते आमच्या घरी आले. बाबा जाळं दुरुस्त करत बसले होते. त्यांनी मान वर केली आणि एवढंच विचारलं, "पवायचीबी परीक्षा असते काय?"

पण त्यांना आवडलं होतं. मला संध्याकाळचं बोटीवरच्या कामातून मोकळं सोडलं गेलं, आणि आमच्याकडे असं कुणाला सोडत नाहीत. माझ्या वाटचं काम माझ्या धाकट्या बहिणीनं आणि आईनं ओढलं. मासे निवडायचे, बोंबील वाळत घालायचे, सुकलेले काढायचे. बहीण कधी कुरकुरली नाही. शर्यत पुऱ्या आळीची झाली होती. निघायच्या दिवशी बायकांनी मला ओवाळलं, आणि बोटी चालवणाऱ्या म्हाताऱ्या तांडेलांनी, जे माझ्याशी याआधी कधी चार शब्द बोलले नव्हते, माझ्या पाठीवर हात फिरवला.

शर्यतीच्या सकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा तरणतलाव पाहिला. पाणी निळं होतं आणि तळ दिसत होता. मी हात बुडवून चाखून पाहिलं. गोडं पाणी, औषधाचा वास. बाकीच्या मुलांच्या अंगावर टॉवेल होते आणि ती एकमेकांना ओळखत होती. सर नावं नोंदवायच्या टेबलाशी उभे होते, त्यांचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त भीती वाटत होती.

शिट्टी झाली आणि मी उडी टाकली. पुढचं मला नीट सांगता येतं, कारण ते मी नंतर शेकडो वेळा मनात पोहलो आहे. त्या पाण्यात ओढ नव्हती. लाट नाही, भरतीचा रेटा नाही, तोंडात खारट काही नाही. हात मारला की माणूस पुढे जात होता, इतकं सोपं. पहिल्या टोकाला मी सगळ्यांच्या पुढे पोचलो, वळलो आणि परत निघालो. चार वेळा जाऊन यायचं होतं. शेवटच्या खेपेला मी इतका पुढे होतो की मला शेजारी कुणाचं पाणी उडालेलंही ऐकू येत नव्हतं. मी काठ धरला, मान वर काढली, आणि लोक टाळ्या वाजवत होते.

टाळ्या खऱ्या होत्या, हे मला मुद्दाम सांगायचं आहे.

मग पंचांच्या टेबलाशी काही बोलणं झालं, आणि कर्ण्यावरून दुसऱ्याच मुलाचं नाव पुकारलं गेलं. मला वाटलं, चूक झाली असेल, आता दुरुस्त करतील. सर टेबलाकडे गेले. ते हातवारे करत होते, मग हातवारे थांबले, मग ते नुसते ऐकत उभे राहिले. परत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्याचा रंग गेला होता.

"वळताना तू भिंतीला हात लावला नाहीस," ते म्हणाले. "लावावा लागतो."

मी खरंच लावला नव्हता. आमच्या किनाऱ्याला खडक आहेत. खडकाजवळ पोहताना हातभर अंतर ठेवून वळायचं, हे आम्हाला चालायच्या वयात शिकवतात, कारण लाट कधी आपटेल सांगता येत नाही. होड्यांच्या मोसमात आम्ही शर्यती लावायचो त्याही नांगरलेल्या होडीला वळसा घालून. तलावाची भिंत समोर आली की माझं अंग आपोआप वळत होतं. प्रत्येक टोकाला हातभर आधी. भिंतीला हात लावायचा असतो, हे तिथं कुणी सांगितलं नाही, कारण तिथं ते ठाऊक नसलेलं कुणी येतच नव्हतं. आणि सरांना ते माहीत नव्हतं. त्यांच्या पुस्तकात हाताची फेक होती, श्वास होता, भिंत नव्हती.

ज्याला पहिला नंबर दिला तो मुलगा मी कपडे करत असताना माझ्याकडे आला. गोरा, चष्म्याच्या खुणा नाकावर उमटलेला. म्हणाला, "तू फारच वेगात पोहतोस रे. तुला कुणी शिकवलं?" त्यानं टोमणा मारला असता तर मी त्याला दोन लगावल्या असत्या आणि मोकळा झालो असतो. पण तो मनापासून बोलत होता. मी सदऱ्याची बटणं लावत राहिलो.

परतीच्या गाडीत सर आणि मी समोरासमोर बसलो होतो. पालघर येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. पालघरला त्यांनी उतरून दोन केळी आणली, एक मला दिलं, आणि बोईसरपर्यंत ते दुसरं तसंच हातात धरून बसले.

आळीत बातमी आमच्या आधी पोचली नव्हती. ती मला स्वतःच सांगावी लागली. घरापुढे माणसं जमली होती. मी म्हटलं, "पयला आलो, पण बाद केला." का, तेही सांगितलं. मग एका म्हाताऱ्यानं थुंकून म्हटलं, "फसवला पोराला. मच्छीवाल्याचा पोर पयला येतो ते त्यांना बघवत नाय."

आणि तेच ठरलं. फसवला. दुसऱ्या दिवसापर्यंत सगळी आळी तेच बोलत होती, बाजारात मासे विकणाऱ्या बायका गिऱ्हाइकांना तेच सांगत होत्या. कुणी म्हणे पंच त्या मुलाचा मामा होता. कुणी म्हणे सरांनाच फोडलं होतं. मी दोन-तीनदा सांगायचा प्रयत्न केला की तसं नाही, तो नियमच आहे, सगळ्यांना सारखा आहे. पण मी हे बोलायला लागलो की समोरच्याच्या तोंडावर दया यायची, जणू पोरगं बिचारं अजून मुंबईवाल्यांची बाजू घेतंय. मग मी बोलायचं सोडलं.

मी त्यांचं खरं मानायचा प्रयत्नही केला. फसवलं म्हणून कुणाला तरी शिव्या देता आल्या असत्या. रोज उठून मी कुणावर तरी चिडायचा प्रयत्न करायचो. पंचांवर, त्या चष्मेवाल्या मुलावर, सरांवर. कुणावरच राग टिकायचा नाही. पंचांनी त्यांचं काम केलं होतं. मुलगा नियमानं पोहला होता. सरांना माहीत नव्हतं. माझ्यावर चिडावं, तर मलाही माहीत नव्हतं. एवढा कडवटपणा आत साठलेला, आणि तो ओतायला एकही माणूस नाही. मी अजूनही म्हणतो, की कुणीतरी खरंच फसवलं असतं तर मी लवकर बरा झालो असतो.

पण सगळ्यात जड गेल्या त्या संध्याकाळी. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं आणि मीही नंतर कुणाला सांगितलं नाही. शाळा सुटायची आणि माझे पाय खाडीकडे वळायचे. वर्षभराची सवय. खांदे भरून यायचे, हात नुसते लटकले तरी दुखायचे, जसे काम न मिळालेल्या बैलाचे दुखत असतील. आणि जायचं कशासाठी? जिंकलो असतो तरी शर्यत संपलेलीच होती. पुढच्या वर्षी मी शाळेत नसणार होतो. स्पर्धा शाळेतल्या मुलांची होती. म्हणजे जे काही होतं ते एका सकाळसाठी होतं, ती सकाळ होऊन गेली होती, आणि माझं अंग मात्र अजून तिच्यासाठी तयार होतं.

पोहणं मी बंद केलं. ठरवून नाही. तरीवर होडी नसली तर मी ती येईपर्यंत काठावर बसून राहायचो. अंधार पडायचा, तरी बसायचो. आई म्हणायची, "एवढा उशीर का रं?" मी म्हणायचो, "होडी नव्हती." तिला कळत होतं. पूर्वी होडी नसली तर मी लवकर यायचो.

सर मला शाळेत टाळायला लागले. मीही त्यांना टाळायचो. कवायतीला मी रांगेत शेवटी उभा राहायचो, ते पुढच्यांकडे बघून हुकूम सोडायचे. परीक्षा झाली, मी कसाबसा पास झालो, आणि शाळा संपली.

मग मी बाबांबरोबर बोटीवर जाऊ लागलो. आमची जाळी समुद्रात रोवलेल्या खांबांना बांधलेली असतात. ओहोटी-भरतीच्या ओढीनं मासा आत जातो. एके दिवशी जाळ्याचा दोर खालच्या बाजूला खांबाला गुंडाळून अडकला. ओढून निघेना. असं झालं की कुणीतरी खाली उतरून तो सोडवावा लागतो, आणि आमच्या बोटीवर ते कुणीतरी म्हणजे दहा वर्षांचा असल्यापासून मी. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोटीच्या टोकाला बसलो होतो, हातात दुसरा दोर होता. मी उठलो नाही. उठणार नाही असं मी ठरवलं नव्हतं. अंग उठलं नाही.

बाबांनी सदरा काढला आणि उडी टाकली.

त्यांचं वय झालं होतं, थंडीचा खोकला अजून गेला नव्हता. ते बराच वेळ वर आले नाहीत. माझा चुलता माझ्याकडे बघत होता. मग डोकं वर आलं. दोर सुटला होता. खांबाला चिकटलेल्या कालवांच्या धारदार शिंपल्यांनी त्यांचा तळहात मनगटापर्यंत फाडला होता. त्यांना वर ओढून घेतलं, हाताला फडका बांधला आणि जाळं ओढायला सुरुवात झाली. मी जाळं ओढत होतो आणि रक्तानं भिजलेल्या त्या फडक्याकडे बघत होतो.

बंदराला लागल्यावर बाकीचे मासे उतरवत होते तेव्हा बाबा माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"तू हरला त्याची लाज आमाला नाय," ते म्हणाले. "पण असा बसून रवतो ना, ते नाय बघवत."

मी मान खाली घातली.

"मी गेलो तर तू उडी मारशील असं वाटला होता," ते म्हणाले. "माझ्या मागून."

एवढं बोलून ते टोपल्या उचलायला गेले, एका हातानं. हे वाक्य मला आयुष्यात कुणी बोललेल्या सगळ्या वाक्यांपेक्षा जास्त लागलं आहे.

दुसऱ्या दिवशी बोट खांबांपाशी पोचली तेव्हा दोर अडकलेला नव्हता. तरी मी उडी मारली. खाली गेलो, खांबाला एक फेरी मारली, वर आलो. चुलता हसला. बाबा हसले नाहीत, त्यांनी फक्त दोर माझ्याकडे फेकला. लोक अशा गोष्टी सांगतात तेव्हा म्हणतात, पाण्यानं जवळ घेतलं, मन हलकं झालं. माझं काही हलकं झालं नाही. पाणी गार होतं, गढूळ होतं, आणि मी त्यात काम केलं. त्या दिवसापासून पोहणं माझ्यासाठी फक्त काम राहिलं. मजा येत नव्हती. पण अंग उठत होतं.

त्यानंतर तारापूरला वीजघराचं काम सुरू झालं. आम्ही सगळे त्याला अणूचं काम म्हणायचो. बोईसरहून ट्रक धावायला लागले, परप्रांतातली माणसं आली, रस्त्यानं हिंदी ऐकू यायला लागली. आमच्यातली बरीच पोरं मजुरीला गेली. मीही गेलो, कारण बाबांचा हात नीट भरून आला नव्हता आणि बोटीच्या वाट्यावर घर चालत नव्हतं. तिथं एकदा दोराचं टोक पाण्यातून पलीकडच्या काठावर न्यायचं होतं आणि मुकादमानं विचारलं, "तैरना किसको आता है?" मी दोर कमरेला बांधून नेला. तो म्हणाला, "अरे, तू तो कॉम्पिटिशन में जा!" मी म्हटलं, "जी," आणि डबा खायला गेलो.

सर मला आणखी एकदा भेटले. पालघरला, कचेरीच्या बाहेर. मी कसल्याशा दाखल्यासाठी गेलो होतो, त्यांची बदली झाली होती आणि तेही कागदपत्रांसाठी आले होते. टाळायला जागा नव्हती. आम्ही बाकड्यावर बसून चहा घेतला. ते वाळले होते.

"पोहतोस का?" त्यांनी विचारलं.

"कामापुरता."

त्यांनी चहाचा घोट घेतला. मग म्हणाले, "शर्यतीनंतरही मी संध्याकाळी खाडीवर जायचो. वर्षभर. उगाच. घरी बसवत नसे." त्यांनी कप खाली ठेवला. "बायको विचारायची, तिथं कोण आहे आता? मी म्हणायचो, कुणी नाही."

मला त्यांची दया यायला हवी होती. तेव्हा आली नाही. मला वाटलं, मग मला बोलवायचं होतंत. आपण दोघं एकाच काठावर, एकाच वेळी, वेगवेगळ्या जागी बसलो होतो, आणि दोघांनाही हाक मारायचा धीर झाला नाही. हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही. त्यांची एसटी लागली, ते चढले, आणि खिडकीतून त्यांनी हात वर केला. मीही केला.

साठचं दशक संपायच्या सुमाराला माझं लग्न झालं. बायको पालघरजवळच्या माहीमची, तीही मच्छीमाराच्या घरची. लग्नानंतर महिना-दोन महिन्यांनी आळीतल्या बायकांनी तिला ती जुनी गोष्ट ऐकवली, त्यांच्या पद्धतीनं, मामा झालेल्या पंचासकट. दुपारची वेळ होती. ती ओट्यावर विळी घेऊन मासे साफ करत बसली होती, मी सुट्टीचा घरी होतो. तिनं विचारलं, "तुमाला फसवला म्हंतात, खरा काय?"

का कोण जाणे, मी तिला सगळं सांगितलं. तलाव, भिंत, हातभर अंतर, टाळ्या, केळं, बाबांचा हात. इतकं सलग मी ते आधी कुणाला सांगितलं नव्हतं. ती ऐकत होती आणि हात चालू होते.

मी थांबलो तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे तुमी हारले."

आळीत हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. बाबांनी एकदा काय तो, तोही माफ करण्यासाठी. बाकी सगळ्यांनी फसवला म्हटलं, बाद केला म्हटलं. मीही स्वतःला पयला आलो पण, असंच सांगत आलो होतो.

"पयला आलो होतो," मी म्हटलं.

"भिंत शिवली नाय तर पयला कसा?" ती म्हणाली. तिच्या आवाजात दया नव्हती आणि चेष्टाही नव्हती. "माझा भाव होड्यांच्या शर्यतीत हारला. चार दिस जेवला नाय. मंग जेवला."

मला तिचा भयंकर राग आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एक नीटसा, समोरच्या माणसावरचा राग. मी उठलो आणि तडक किनाऱ्यापर्यंत चालत गेलो. तिथं कोरड्या वाळूत उभा राहून मी तो शब्द मोठ्यानं म्हणून पाहिला. वाऱ्यात तो मलाच नीट ऐकू आला नाही. पुन्हा म्हटला.

घरी आलो तेव्हा जेवण तयार होतं. तिनं ताट वाढलं. कडवटपणा गेला, असं मी म्हणणार नाही. तो आजही आहे, जिभेच्या मागच्या बाजूला असतो तसा. पण त्या दिवशी त्याला नाव मिळालं, आणि मी दोन भाकऱ्या खाल्ल्या.